कर्ता कोण? युद्धातील लैंगिक गुलामगिरी वर्गात शिकवताना

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावात रझाकाराच्या वेळची गोष्ट सांगणारे कोणी ना कोणी भेटते. गढीवरून कोणी गोळी झाडली, कोणत्या विहिरीत हत्यारे लपवली, सरहद्दीवरच्या कॅम्पातून रात्री कोण आले, हे सगळे रंगून सांगितले जाते. स्त्रियांचा विषय आला की मात्र एक वाक्य येते, ‘बायामाणसं आधीच पलीकडं पाठवली होती,’ आणि गोष्ट पुढे सरकते. ज्यांना पाठवता आले नाही त्यांचे काय झाले, हे विचारायचे नसते, एवढे घरातल्या लहान मुलालाही न सांगता कळते. म्हणून युद्धात सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या कोरियातल्या, फिलिपाइन्समधल्या किंवा बांगलादेशातल्या स्त्रियांची हकीकत आपल्या मुलांना परकी वाटेल, ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. त्यातला देश परका असला, तरी त्या हकिकतीभोवतीचे मौन आपल्या मुलांच्या ओळखीचे आहे.

हा लेख नववी ते बारावीला इतिहास किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी आहे. या विषयाला सलग तीन तासिका आणि त्याआधी निदान आठवडाभराची तयारी लागते. एका तासिकेत उरकायचा असेल, तर तो न घेतलेलाच बरा.

आधी स्वतःची तयारी

जपानी सैन्याने १९३२ मध्ये शांघायमध्ये, सैनिकांसाठी स्त्रियांना लैंगिक गुलामगिरीत ठेवणारी पहिली केंद्रे उघडली. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंगमध्ये झालेल्या कत्तली आणि बलात्कारांनंतर ही व्यवस्था झपाट्याने पसरली. स्थानिक लोकांमधला रोष वाढू नये, सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत आणि हेरगिरीला वाव मिळू नये, अशी कारणे लष्कराने त्यासाठी दिली. १९४५ पर्यंत चीनपासून ब्रह्मदेशापर्यंत आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, जिथे सैन्य पोहोचले तिथे बहुतेक ठिकाणी अशी केंद्रे उभी राहिली. मार्च १९४२ पासून जपानच्या ताब्यात असलेली आपली अंदमान बेटेही त्यातून सुटली नाहीत. कोरियन, चिनी, तैवानी, फिलिपिनो, इंडोनेशियन आणि जपानी स्त्रियांबरोबरच डच स्त्रियाही त्यांत डांबल्या गेल्या. एकूण संख्येचे अंदाज साधारण पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत आणि काही चिनी अभ्यासक त्याहूनही मोठा आकडा धरतात. पराभव दिसू लागल्यावर बरीच कागदपत्रे जाळली गेली, त्यामुळे नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. वर्गातही अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगावा. फुगवलेला आकडा एकदा खोटा ठरला की बाकीच्या सगळ्या खऱ्या गोष्टीही त्याच्याबरोबर वाहून जातात.

ही जपानची किंवा एखाद्या वंशाची खासियत नव्हती, हे दाखवण्यासाठी आणखी दोन उदाहरणे हाताशी ठेवावीत. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी सैन्याने आणि त्याच्या स्थानिक साथीदारांनी केलेले अत्याचार हे एक, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधल्या सिंजार भागात इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने यझिदी या अल्पसंख्याक धर्माच्या स्त्रियांची मांडलेली खरेदी-विक्री हे दुसरे. त्यातूनच सुटलेल्या नादिया मुराद यांना काँगोतले डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांच्यासोबत २०१८ चे शांततेचे नोबेल मिळाले. याहून जास्त उदाहरणे घेऊ नयेत. दुःखांचे प्रदर्शन मांडले की मुले सुन्न होतात, आणि सुन्न झालेले मूल विचार करत नाही.

शब्द निवडताना

माझ्या मते या विषयाची खरी परीक्षा इथेच असते. इतिहासाच्या शिक्षकाने या टप्प्यावर मराठीच्या शिक्षकांना सोबत घ्यावे.

आपल्या बोलण्यात बलात्कारासाठी जे शब्द येतात ते तपासून पाहा. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’, ‘नासवली’, ‘बाटवली’. या प्रत्येक शब्दात गमावणारी, नासणारी, बाटणारी तीच आहे. ज्याने गुन्हा केला त्याच्या अब्रूला भाषेत कुठेच ओरखडा उमटत नाही. सभ्य, छापील मराठीही यातून सुटलेली नाही. ‘ती वासनेला बळी पडली’ या वाक्यातला कर्ता मुलांना शोधायला लावा. उत्तर ‘ती’ असे येते, कारण पडण्याची क्रियासुद्धा तिच्याच नावावर टाकलेली आहे. ‘तिच्यावर अत्याचार झाला’ या वाक्यात तर करणारा माणूसच नाही. पाऊस झाला, तसा अत्याचार झाला. आता तेच वाक्य ‘सैनिकांनी तिच्यावर अत्याचार केला’ असे लिहा, आणि मग ‘लष्कराने जागा ठरवली, वेळापत्रक लावले, पहारा बसवला आणि सैनिकांना आत पाठवले’ असे लिहा. प्रयोग ओळखण्याचा कंटाळवाणा गृहपाठ इथे एकदम कामाचा ठरतो. ही वाक्ये फळ्याच्या एका कोपऱ्यात तीन दिवस राहू द्यावीत.

‘कम्फर्ट विमेन’ हा जपानी ‘इआन्फु’ या शब्दाचा तर्जुमा आहे, आणि मूळ शब्दाचा अर्थ विरंगुळा देणारी स्त्री असा होतो. हा लष्कराने घातलेला पडदा आहे, त्यामुळे फळ्यावर तो अवतरणचिन्हांतच लिहावा आणि त्याचे ‘सुखदासी’सारखे गोंडस मराठीकरण करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक, श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांनी १९९६ च्या अहवालात या व्यवस्थेला लष्करी लैंगिक गुलामगिरी म्हटले, आणि तोच शब्द नेमका आहे. त्यातही एक खबरदारी घ्यावी लागते. त्या यातना भोगलेल्या काही वृद्ध स्त्रियांना स्वतःसाठी ‘लैंगिक गुलाम’ हा शब्द नको होता. म्हणून गुलामगिरी हा शब्द व्यवस्थेला लावावा आणि बाईचा उल्लेख तिच्या नावाने करावा. कोरियात त्यांना ‘हालमोनी’ म्हणतात. त्याचा साधा अर्थ आजी.

सन्मान म्हणून दिलेला शब्दही अंगावर उलटू शकतो, हे बांगलादेशाच्या उदाहरणातून कळते. युद्ध संपल्यावर शेख मुजीब सरकारने अशा स्त्रियांना ‘बीरांगना’, म्हणजे वीरांगना, असे नाव दिले. हेतू मानाचा होता. प्रत्यक्षात त्या नावाने बाई ओळखू येऊ लागली आणि अनेकींना घरच्यांनीच दार बंद केले. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी उघडपणे स्वतःची हकीकत सांगितली, पण तसे करू शकणाऱ्या फार थोड्या होत्या. बीरांगनांपैकी पहिल्या काहींना सरकारी दफ्तरात मुक्तियोद्ध्या म्हणून जागा मिळायला २०१५ साल उजाडले.

वेळ, परवानगी आणि खोली

मुख्याध्यापकांना तीनही तासिकांचा आराखडा लेखी द्यावा. पालकांना निरोप पाठवताना ‘महायुद्धातील स्त्रियांवरील अत्याचार आणि त्यांनी न्यायासाठी दिलेला लढा’ असे सरळ लिहावे. विषय लपवून परवानगी घेतली, तर पहिल्या तक्रारीलाच सगळे बंद पडते.

शनिवारची अर्धी शाळा, सुट्टीच्या आदला दिवस आणि दिवसाची शेवटची तासिका टाळावी, कारण अस्वस्थ झालेल्या मुलाला त्या दिवशी बोलायला शाळेत कोणी तरी असले पाहिजे. १४ ऑगस्ट हा या स्त्रियांचा स्मृतिदिन आहे खरा, पण त्या दिवशी आपल्याकडे मैदानावर कवायतीची तालीम असते आणि निम्मा वर्ग बाहेर असतो. माझ्या अनुभवात १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन झाल्यानंतरचा आठवडा सर्वांत चांगला. ध्वजवंदनाची भाषणे मुलांच्या कानात ताजी असतात, आणि त्यांत कोणाची नावे आली नाहीत, हे विचारता येते.

आदल्या दिवशी वर्गाला विषय सांगून ठेवावा. ज्याला नको असेल त्याला कारण न विचारता ग्रंथालयात बसू द्यावे. वर्गात शक्य असेल तर एक शिक्षक आणि एक शिक्षिका दोघेही असावेत. मुलींना वेगळे बसवून हा तास घेण्याची कल्पना दर वेळी कोणी तरी मांडते. ती मानू नये, कारण मग मुले हा ‘बायकांचा विषय’ म्हणून सोडून देतात.

पहिली तासिका: फसवणूक कशी झाली

नकाशापासून सुरुवात करावी. सोल, शांघाय, मनिला, रंगून, पोर्ट ब्लेअर ही ठिकाणे मुलांनीच दाखवावीत. मग प्रश्न विचारावा की सोलजवळच्या खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी रंगूनला पोहोचली कशी.

इथे बीड, जालना, परभणीच्या मुलांना फार समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीची उचल म्हणजे काय, मुकादम घरी येऊन काय बोलतो, आधी हातात पडलेले पैसे नंतर कसे फिटता फिटत नाहीत, हे त्यांनी घरात पाहिलेले असते. कोरियातही दलाल गरीब घरांत गेले. कारखान्यात काम आहे, दवाखान्यात जखमींची सेवा आहे, असे सांगितले गेले. कुठे घरच्यांच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवली, कुठे थेट जबरदस्तीने उचलून नेले. व्याप्त प्रदेशांत, विशेषतः चीन आणि फिलिपाइन्समध्ये, सैनिकांनी मुलींना गावांतून ओढून नेल्याच्या साक्षी मोठ्या प्रमाणावर आहेत. ऊसतोडीची तुलना मात्र कर्जाची दोरी कशी आवळते, एवढे समजण्यापुरतीच ठेवावी आणि तसे वर्गात स्पष्ट सांगावे. नाही तर दोन्ही दुःखांवर अन्याय होतो, शिवाय ज्या मुलाचे आईवडील त्या क्षणी कारखान्यावर कोपीत राहत आहेत, त्याला वर्गासमोर उघडे पाडल्यासारखे होते.

केंद्रातल्या जीवनाचे वर्णन व्यवस्थेपुरते ठेवावे. शिपाई आणि अधिकारी यांच्या वेगळ्या वेळा, दर, वैद्यकीय तपासणी, बाहेर जाण्यावरची बंधने. या कोरड्या नियमांतून जे कळते त्याहून जास्त तपशील नववीच्या वर्गाला गरजेचा नाही. चीनमधल्या युन्नान आघाडीवर १९४४ मध्ये काढलेले, कैदेतून सुटलेल्या एका गरोदर स्त्रीचे छायाचित्र जगभर फिरते. ते पडद्यावर दाखवू नये. असहाय अवस्थेतल्या बाईचे चित्र पुन्हा पुन्हा दाखवण्याने तिला न्याय मिळत नाही.

त्याऐवजी या स्त्रियांच्या स्मरणार्थ सोलमध्ये उभारलेल्या मुलीच्या पुतळ्याचे चित्र घ्यावे. किम सो-क्योंग आणि किम उन-सोंग या दांपत्याने तो घडवला आणि १४ डिसेंबर २०११ रोजी, जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी होणाऱ्या निदर्शनांपैकी हजाराव्या निदर्शनाच्या दिवशी, तो तिथे बसवला गेला. मुलांना दहा मिनिटे नुसते पाहू द्यावे. केस वेडेवाकडे कापलेले, मुठी आवळलेल्या, खांद्यावर पाखरू, अनवाणी पायांच्या टाचा जमिनीला न टेकलेल्या, शेजारी एक रिकामी खुर्ची, आणि मागे पडलेली सावली मात्र म्हातारीची. टाचा का टेकलेल्या नाहीत, असे विचारले की जी उत्तरे येतात ती ऐकण्यासारखी असतात. आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली होती, ‘सर, ती घरी आली तरी घरच्यांनी तिला बस म्हटलं नसंल.’

दुसरी तासिका: एक साक्ष

हा संपूर्ण तास किम हाक-सून यांना द्यावा. जन्म १९२४. सतरा वर्षांच्या असताना चीनमध्ये जपानी सैनिकांनी त्यांना नेले. काही महिन्यांनी एका कोरियन व्यापाऱ्याच्या मदतीने त्या निसटल्या आणि त्याच्याशीच त्यांनी संसार मांडला. पण पुढे नवराच त्या दिवसांवरून त्यांना टोचून बोलत असे. नवरा गेला, मुलेही गेली. १९९० मध्ये जपान सरकारने संसदेत सांगितले की हा खाजगी दलालांचा कारभार होता आणि सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. त्यावर १४ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, किम हाक-सून पत्रकारांसमोर आल्या आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने बोलल्या. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. त्यांच्या मागोमाग फिलिपाइन्सच्या मारिया रोसा हेन्सन आणि डच कुटुंबातल्या, पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या जॅन रफ-ओहर्न बोलल्या. दक्षिण कोरियात सुमारे २४० जणींनी सरकारकडे नोंद केली. त्यांच्यापैकी आज दहाही उरलेल्या नाहीत.

साक्ष वाचायची ती शिक्षकाने, सपाट आवाजात. मुलांकडून वाचून घेऊ नये, आणि स्नेहसंमेलनात यावर नाटिका बसवण्याचा मोह कोणाला झाला तर तो ठामपणे मोडून काढावा. सैनिकाची भूमिका करणारा मुलगा आणि दुसरी भूमिका करणारी मुलगी, दोघांनाही उरलेले वर्ष शाळेत त्याच नावाने हाक मारली जाते.

मग पन्नास वर्षे त्या गप्प का राहिल्या, असे विचारावे. उत्तरे मुलांकडूनच येतील, आणि त्यांतली बहुतेक आपल्या गल्लीतली असतील.

तिसरी तासिका: कागद आणि नाकबुली

नाकारणाऱ्यांचे म्हणणे लपवून ठेवू नये. मुलांना ते मोबाइलवर आज ना उद्या सापडणारच आहे. त्यापेक्षा वर्गात ठेवून तपासावे.

जानेवारी १९९२ मध्ये इतिहासकार योशिमी योशिआकी यांना जपानच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सापडलेली कागदपत्रे वर्तमानपत्रात आली. त्यांत ४ मार्च १९३८ चे युद्ध मंत्रालयाचे एक पत्र होते. केंद्रांसाठी स्त्रिया जमवणारे दलाल नीट पारखून घ्यावेत आणि लष्करी पोलीस व स्थानिक पोलीस यांच्याशी समन्वय राखावा, असे त्यात म्हटले होते. ‘खाजगी कारभार’ या दाव्याचा पाया तिथे ढासळला. ४ ऑगस्ट १९९३ रोजी मुख्य कॅबिनेट सचिव कोनो योहेई यांनी केंद्रे उभारण्यात आणि चालवण्यात लष्कराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हात होता, तसेच अनेकींना फूस लावून आणि बळजबरीने आणले गेले, हे जाहीरपणे मान्य केले. याउलट, आपण स्वतः कोरियन स्त्रियांची शिकार केली, असे सांगणाऱ्या योशिदा सेइजी नावाच्या माणसाची साक्ष खोटी निघाली आणि असाही शिंबुन या वर्तमानपत्राने २०१४ मध्ये त्यावर आधारलेल्या बातम्या मागे घेतल्या. हेही मुलांना सांगावेच. एक साक्षीदार खोटा निघाला म्हणून खटला कोसळतो की नाही, हे बाकीच्या पुराव्यांवर ठरते, आणि इथे बाकीचे पुरावे भक्कम आहेत.

आता भारतीय मुलांसाठी सर्वांत उपयोगी कागद. १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या मितकिना इथे अमेरिकी सैन्याला वीस कोरियन स्त्रिया सापडल्या. त्यांची चौकशी आपल्या आसाममधल्या लेडो इथल्या छावणीत झाली. त्या अहवालात त्यांना लावलेला शब्द वेश्या या अर्थाचा आहे, आणि नाकारणारे तेवढाच शब्द उचलतात. पण त्याच अहवालात असेही आहे की कामाचे स्वरूप त्यांना सांगितले नव्हते, जखमी सैनिकांची विचारपूस, पट्ट्या बांधणे असे काही असेल असे त्यांना वाटले, घरचे कर्ज फिटेल अशी लालूच दाखवली गेली आणि काही शे येन आगाऊ दिले गेले. एकाच कागदात लिहिणाऱ्याचे मत आणि त्याने नोंदवलेली माहिती एकमेकांच्या विरोधात कशी जातात, हे दाखवायला याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. वर्गाचे दोन गट करून एका गटाला मते आणि दुसऱ्याला माहिती वेगळी काढायला सांगावी.

न्यायाची बाजू थोडक्यात पुरे. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात ही व्यवस्था स्वतंत्र गुन्हा म्हणून कधी उभीच राहिली नाही. डिसेंबर २००० मध्ये स्त्री संघटनांनी टोकियोतच लोकांचे प्रतीकात्मक न्यायाधिकरण भरवले. फेब्रुवारी २००१ मध्ये माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बोस्नियातल्या फोचा शहरातील स्त्रियांच्या खटल्यात गुलाम बनवणे आणि बलात्कार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवून शिक्षा दिल्या. जपान आणि कोरिया यांनी २८ डिसेंबर २०१५ रोजी केलेला एक अब्ज येनचा करार मात्र वादातच राहिला, कारण तो करताना ज्यांच्या नावाने पैसे द्यायचे त्या आजींनाच कोणी विचारले नव्हते.

अडवणारे प्रश्न

‘जपानने तर नेताजींना मदत केली होती ना?’ हा प्रश्न हमखास येतो. केली होती, आणि ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला नेताजींनी तिरंगाही फडकवला. त्याच बेटांवर त्याच काळात ही केंद्रेही होती. दोन्ही वाक्ये एकाच फळ्यावर, एकाच हस्ताक्षरात लिहावीत.

मागच्या बाकावरून हसू आले तर चिडू नये. बऱ्याचदा ते अवघडल्याचे असते. हसणाऱ्याला उभे न करता फळ्यावरचे पुढचे वाक्य सुधारायला द्यावे.

सर्वांत नाजूक प्रश्न आपल्या घरचा आहे. रझाकारांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांविषयी मुले बोलतील, आणि बोलू द्यावे. त्याचबरोबर निजामाविरुद्धच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवताना मुस्लिम स्त्रियांवरील बलात्कार आणि अपहरणांचीही नोंद केली, हेही शिक्षकाने त्याच शांतपणे सांगावे. वर्गात दोन्ही समाजांची मुले बसलेली असतात. कोणाचे किती याचा हिशोब सुरू झाला, तर तिथेच थांबवून फळ्यावरच्या वाक्यांकडे परत यावे.

‘आजीला रझाकारीत काय झालं ते विचारून या’ असा गृहपाठ मात्र कधीही देऊ नये. मी एका वर्षी उत्साहाच्या भरात तो दिला होता. एका मुलाच्या घरी आजीने दोन दिवस अन्न घेतले नाही, एवढे मला पुढे कळले. कारण मी विचारले नाही. त्याऐवजी गाव सोडून कोण कुठे गेले, कोणी आसरा दिला, सोबत काय नेले, एवढेच विचारायला सांगावे. ज्या आजीला त्याहून पुढे बोलायचे असेल ती आपल्या वेळेने बोलेल.

एखादे मूल स्वतःबद्दल बोलले तर

हा विषय घेतल्यावर कधी तरी तास संपताना एखादे मूल रेंगाळते. त्याचे ऐकून घ्यावे, पण खोदून प्रश्न विचारू नयेत आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक तीनही दिवस फळ्यावर असावा. मुलाची ओळख सहकाऱ्यांच्या खोलीतही उघड करू नये, ती प्रसिद्ध करण्यास तर कायद्यानेही बंदी आहे. गावची मंडळी ‘आपसात मिटवून घेऊ’ म्हणत शाळेत येतील, त्या वेळी मुख्याध्यापकांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहायचे की नाही, हे तासिका सुरू होण्याआधीच ठरलेले हवे.

लेखन आणि गुण

निबंध लावू नये. ‘मी किम हाक-सून बोलतेय’ अशा धाटणीचे आत्मकथन तर मुळीच नको. मराठी वर्तमानपत्रांत आलेल्या अत्याचाराच्या बातम्यांतली नावगाव नसलेली पाच वाक्ये द्यावीत, त्यांतला कर्ता शोधून वाक्ये पुन्हा लिहायला सांगावीत, आणि कर्ता सापडत नसेल तर तो का लपला असावा, यावर दोन ओळी लिहून घ्याव्यात. गुण द्यायचेच असतील तर त्यालाच द्यावेत. हे कागद सूचनाफलकावर लावू नयेत. तपासून, बंद पाकिटात, ज्याचे त्याला परत करावेत.

डिसेंबरात १६ तारखेला विजय दिवसाचा उल्लेख परिपाठात होतो. त्या दिवशी वही पुन्हा काढायला सांगावी आणि परिपाठात वाचलेल्या उताऱ्यातली क्रियापदे अधोरेखित करून घ्यावीत. त्याला दहा मिनिटे लागतात.